तंजावरातील एक संगमरवरी शिल्प

तंजावरास जाणारा मराठी माणूस बृहदीश्वराचे दर्शन घेतो, सरस्वती महाल ग्रंथालयात जाऊन येतो, राजवाड्यात सरफोजीराजांच्या पुतळ्यापुढे क्षणभर थांबतो आणि यात्रा पुरी झाली असे समजून परत फिरतो. माझ्या पहिल्या दोन खेपा अशाच झाल्या. तिसऱ्या खेपेस बरोबर माझी नऊ वर्षांची मुलगी होती. मुले बरोबर असली की ठरविलेला कार्यक्रम तडीस जात नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु न ठरविलेले काहीतरी पाहावयास मिळते, हाही त्याच अनुभवाचा भाग होय.

नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड गेली चार वर्षे चेन्नईत आहे. मुलगी शाळेत तमिळ शिकते आणि रस्त्यावरच्या पाट्या माझ्या आधी वाचते. मराठी ही तिच्या लेखी घरात बोलण्याची आणि आजीला पत्र लिहिण्याची भाषा. दगडावर कोरण्याची नव्हे. म्हणून मी तिला आधी बृहदीश्वराच्या आवारातील नैर्ऋत्येकडच्या भिंतीपाशी नेले. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुऱ्या केलेल्या या देवळात, चोळांच्या तमिळ लेखांच्या शेजारी, भोसले घराण्याचा भलामोठा मराठी इतिहास कोरलेला आहे. सरफोजी दुसरे यांनी तो १८०३ साली तेथे कोरवून घेतला. बाळबोध अक्षरे पाहून मुलीला नवल वाटले. हवेतच बोटाने गिरवीत तिने दोन ओळी वाचल्या, पुढे ‘शिवाजी’ हे नाव कोठे दिसते का म्हणून बरीच शोधाशोध केली. मग दगड तापू लागला आणि उत्साह ओसरला. देवळाच्या उत्तरेस शिवगंगा तलाव आणि त्याची बाग आहे. सावलीच्या आशेने आम्ही तिकडे निघालो.

तेथे झाडांच्या आडोशाला एक पांढरी, साधी इमारत दिसली. शिखर नाही, मनोरा नाही. गोव्यातील चर्चे पाहिलेल्या माणसाला हे चर्च आहे असे सांगावे लागेल. आमच्या मुलीने फाटकावरची तमिळ अक्षरे वाचली आणि मला सांगितले, “बाबा, हे श्वार्ट्झचं चर्च आहे. आत जायचं?” श्वार्ट्झ हे नाव मी एम.ए.च्या अभ्यासात वाचले होते. उत्तरपत्रिकेत दोन ओळींत संपविलेही होते. देखरेखीच्या गृहस्थांनी दार उघडून दिले, आणि चपला बाहेर काढून ठेवण्याची घाई करणाऱ्या माझ्या मुलीला हसून आत घेतले.

आत गारवा होता. बाके, उंच खिडक्या, आणि भिंतीवर एक संगमरवरी उठावशिल्प. मुलगी थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने तिने विचारले, “हे हॉस्पिटल आहे का?”

प्रश्न अस्थानी नव्हता. शिल्पात खाटेवर एक वृद्ध निजलेला आहे. त्याचा हात एका तरुण राजपुत्राने आपल्या हातात धरला आहे. जवळ दुसरा एक पाद्री उभा आहे, राजपुत्रामागे दोन दरबारी आहेत आणि खाटेशेजारी शाळेतील तीन मुले. हा वृद्ध म्हणजे क्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झ, आणि तरुण म्हणजे तंजावरचे सरफोजी. शिल्प जॉन फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराचे. त्याने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. लंडनमध्ये बसून, ऐकीव वर्णनावरून, त्याने हा प्रसंग कोरला. आणि तो कोरण्याचे मोल देणारा होता तंजावरचा मराठा राजा.

“राजाने पैसे दिले? पण राजा तर ख्रिश्चन नव्हता ना?”

नव्हता, आणि पुढेही झाला नाही. येथूनच आमचे संभाषण सुरू झाले. ते त्या बाकावर तासभर चालले, आणि त्यानंतर माझ्या मनात अजून चालू आहे. श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे ते एवढ्यासाठीच, की मुलीने विचारलेल्या एका प्रश्नाला मी त्या दिवशी दिलेले उत्तर मला पुरते पटलेले नाही.

श्वार्ट्झचा जन्म १७२६ साली प्रशियात झाला. हाले येथील विद्यापीठात तो शिकला आणि १७५० मध्ये डॅनिश लोकांच्या तरंगमबाडी या ठाण्यावर मिशनरी म्हणून उतरला. त्यानंतरची अठ्ठेचाळीस वर्षे त्याने तमिळ मुलखातच काढली. मायदेशी परतला नाही, लग्न केले नाही. आधी तरंगमबाडी, मग तिरुचिरापल्ली आणि १७७८ पासून कायमचे तंजावर, असा त्याचा क्रम. तमिळ त्याला उत्तम येई. पुढे फारसी आणि हिंदुस्थानी तो शिकला, आणि तंजावरच्या दरबारासाठी मराठीही. तुळजाराजे आणि तो १७६९ साली प्रथम भेटले तेव्हा बोलणे दुभाष्यामार्फत फारसीत सुरू झाले. ते नीट जमेना, म्हणून अखेर श्वार्ट्झ तमिळमध्ये बोलू लागला. मराठा राजा आणि जर्मन पाद्री यांची पहिली खरी ओळख अशी तमिळ भाषेत झाली, हे ऐकून माझ्या मुलीला विलक्षण समाधान वाटले. तिची शाळेतील तमिळ अशी एकाएकी इतिहासात कामाला आली होती.

आम्ही बसलो होतो ते चर्च १७७९ चे. त्या सुमारास तंजावरच्या किल्ल्यात इंग्रजांची पलटण होती. ती का होती हे सांगितले पाहिजे, एरवी पुढचे काहीच कळणार नाही. १७७३ साली अर्काटच्या नबाबासाठी कंपनीच्या फौजेने तंजावर घेतले आणि तुळजाराजांना कैदेत टाकले. पुढे लंडनच्या संचालकांनी ही कारवाई अयोग्य ठरविली, तेव्हा १७७६ मध्ये राज्य परत मिळाले. पण परत मिळालेल्या राज्याबरोबर कंपनीची पलटण आली आणि पलटणीबरोबर तिचा खर्च आला. ज्याच्या घरात दुसऱ्याचे शिपाई आणि ज्याच्या वहीत दुसऱ्याचे देणे, त्याच्या राजेपणात उरते काय, हे वेगळे सांगावयास नको. त्या पलटणीचा धर्मोपदेशक म्हणून श्वार्ट्झ काम पाही. तिरुचिरापल्लीत असल्यापासून कंपनीकडून त्याला या कामाचे वेतनही मिळे. तो पैसा तो मिशनवर आणि शाळांवर खर्च करी आणि स्वतः अगदी साधेपणाने राही, ही गोष्ट त्याच्या विरोधकांनीही नाकारलेली नाही.

मुलीला हे हिशेब रुचणारे नव्हते. तिला मी हैदर अलीची गोष्ट सांगितली. १७७९ साली मद्रास सरकारला हैदरकडे सलोख्याचा निरोप धाडावयाचा होता. वकील म्हणून कोणाला पाठवावे? श्वार्ट्झला पाठविले. तो श्रीरंगपट्टणला गेला. हैदरने त्याचे नीट स्वागत केले आणि निघताना प्रवासखर्चासाठी तीनशे रुपयांची थैली दिली. मद्रासला परतल्यावर ती त्याने सरकारपुढे ठेवली. तुझी तूच ठेव म्हटल्यावर तंजावरातील अनाथ मुलांच्या इंग्रजी शाळेसाठी ती लावली. पुढल्याच वर्षी हैदरने कर्नाटकावर स्वारी केली, आणि सलोख्याचा निरोप हवेत विरला. तरीही या पाद्र्याला कोणी अडवू नये अशी हैदरची आपल्या सैन्याला ताकीद होती.

त्या युद्धात दुष्काळ पडला. तंजावरच्या किल्ल्यात धान्य नव्हते. बाहेर शेतकऱ्यांपाशी ते होते, पण आत आणावयास बैल मिळेनात. मिळावेत कसे? यापूर्वी राजाच्या माणसांनी आणि कंपनीच्या माणसांनी बैल नेले होते आणि पैसे दिले नव्हते. राजाचा शब्द चालेना, कंपनीचा तर नाहीच. अखेर श्वार्ट्झने गावोगावी निरोप पाठविला, की मी स्वतः माझ्या हाताने पैसे चुकते करीन. दोन-तीन दिवसांत हजाराहून अधिक बैल किल्ल्याशी आले. पुढे एकदा जुलमाला कंटाळून रयत शेते टाकून परागंदा झाली होती, तीही त्याच्याच शब्दावर माघारी आली. एका दिवसात सात हजार माणसे परतली, असे त्याने १७९४ सालच्या एका पत्रात लिहून ठेवले आहे.

मराठीत यासाठी एक चांगला शब्द आहे : पत. तंजावरच्या मुलखात त्या काळी राजाची पत राहिली नव्हती, कंपनीची कधी बसलीच नव्हती. पत होती ती या एकट्या माणसाची. मी हा शब्द मुलीला समजावून सांगितला. तिने तो चटकन उचलला, आणि म्हणाली, “म्हणजे वर्गात आमच्या मॉनिटरचं कोणी ऐकत नाही, पण एक मुलगी आहे तिचं सगळे ऐकतात, तसं?” तसेच. आणि शहाणी शिक्षिका अशा वेळी काय करते? मॉनिटरला न सांगता त्या मुलीलाच पुढे करते. कंपनीने तेच केले.

आता शिल्पातील त्या तरुणाकडे वळू. तुळजाराजांची मुले अकाली गेली. शरीर थकले, तेव्हा जानेवारी १७८७ मध्ये त्यांनी भोसले कुळातील एक मुलगा दत्तक घेतला. हा सरफोजी, वय वर्षे नऊ. या वयाचा उल्लेख होताच माझी श्रोती बाकावर सावरून बसली. तुळजाराजांनी मुलाला श्वार्ट्झपुढे उभे केले आणि याचा सांभाळ तू कर, असे सांगितले. श्वार्ट्झने ती जबाबदारी एकट्याने घेण्याचे नाकारले. आपण महिन्यातून एकदोनदा राजवाड्यात येणार. एवढ्याने मुलाचे रक्षण कसे होणार? दरबारात तट पडतील, मुलाच्या जिवावर बेतेल. त्यापेक्षा राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे मूल जाणता होईपर्यंत कारभार सोपवावा, असा सल्ला त्याने दिला. सल्ला व्यवहाराचा होता. त्याचा परिणाम मात्र अगदी उलटा झाला.

त्याच वर्षी तुळजाराजे वारले. दत्तविधान शास्त्रशुद्ध आहे की नाही याचा निर्णय पंडितांकडे गेला. बारा पंडितांनी ते अशास्त्र ठरविले आणि कारभारी व्हावयाचे ते अमरसिंह राजे होऊन गादीवर बसले. काही वर्षांनी, कंपनीचे धोरण पालटल्यावर, काशी आणि कलकत्ता येथील पंडितांना तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला आणि तेच दत्तविधान सशास्त्र ठरले. पहिल्या पंडितांना लाच दिली गेली होती, असे श्वार्ट्झचे म्हणणे होते. असेलही. परंतु मी सरकारी नोकर आहे. अभिप्राय मागविणाऱ्याला काय हवे आहे याचा वास अभिप्राय देणाऱ्याला आधीच लागतो, आणि त्यासाठी लाचेचीच गरज असते असे नाही, एवढे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो.

मधल्या काळात त्या मुलाचे काय झाले? त्याला राजवाड्यात कोंडून ठेवले होते. शिक्षक मिळेना, उजेडही पुरेसा मिळेना. श्वार्ट्झने मद्रासला लिहिले, पुन्हा लिहिले. रक्षणासाठी पहारा बसला. अखेर १७९३ मध्ये मुलाला आणि तुळजाराजांच्या राण्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या पाद्र्याने त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. शिल्पात श्वार्ट्झजवळ उभा आहे तो हाच. एका मराठा राजपुत्राचे बालपण असे दोन जर्मन पाद्र्यांच्या देखरेखीखाली वाचले आणि वाढले.

येथे एक गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे. या कोंडमाऱ्याची हकीकत आपल्याला मुख्यतः श्वार्ट्झच्या आणि कंपनीच्या कागदांतून कळते. अमरसिंहांची बाजू मांडणारा तितकाच वाचला गेलेला कागद नाही. जो गादीवर राहिला त्याचे चित्र संगमरवरात निघाले. जो उतरला त्याची निंदा दप्तरात राहिली. म्हणून ती हकीकत खोटी ठरत नाही. पण वाचताना सावध राहावे हे बरे.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला. शेवटच्या आजारात सरफोजी त्याच्या भेटीस गेले होते. प्रजेला न्यायाने वागव, ख्रिस्ती रयतेला सांभाळ, आणि जमल्यास माझ्या देवाचा मार्ग धर, असे त्याने सांगितले. पहिल्या दोन गोष्टी सरफोजींनी मानल्या. अंत्यविधीच्या वेळी एकवार तोंड पाहता यावे म्हणून शवपेटी बंद करण्याचे थांबविले होते. सरफोजी आले, रडले, शवावर जरीचे वस्त्र घातले आणि दफनभूमीपर्यंत गेले. हिंदू राजपुत्राने प्रेताबरोबर असे जावे, ही त्या काळच्या दरबाराला लहान गोष्ट वाटली नसणार.

शिल्पाकडे पाहत मुलीने विचारले, “मग तो इथे रडत का नाही?”

फ्लॅक्समनच्या काळी संगमरवरातील माणसे रडत नसत, हे कलेच्या इतिहासातील उत्तर मी दिले. तिला ते पसंत पडले नाही.

त्या वेळी सरफोजी राजे नव्हते. गादीवर अमरसिंह होते. चार महिन्यांनी, जून १७९८ च्या अखेरीस, कंपनीने अमरसिंहांना उतरवून सरफोजींना बसविले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, लॉर्ड वेलस्लीच्या कारकीर्दीत तह झाला. किल्ला आणि त्याच्या भोवतीचा थोडा मुलूख राजांकडे राहिला. बाकीच्या राज्याचा कारभार कंपनीने घेतला आणि राजांना वर्षाला एक लाख सोन्याचे होन व उत्पन्नाचा पाचवा हिस्सा ठरवून दिला. व्यंकोजीराजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी उभारलेले राज्य येथे खऱ्या अर्थाने संपले. १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर वारस नाही म्हणून जे खालसा झाले ते केवळ नाव होते.

हे ऐकून मुलीने तो प्रश्न विचारला. “श्वार्ट्झ चांगला होता ना? मग त्याने वाचवलेल्या राजाचं राज्य का गेलं?”

मी म्हणालो, “राज्य श्वार्ट्झने नाही घेतलं. तो तेव्हा जिवंतही नव्हता. राज्य कंपनीने घेतलं.”

“पण तो कंपनीकडूनच होता ना?”

मी तिला सांगितले, की तो देवाच्या कामासाठी आला होता, कंपनीसाठी नव्हे. हे खरे आहे. पण पुरते खरे नाही. मोठी माणसे मुलांना उत्तरे देताना जी लबाडी करतात ती बहुधा असत्याची नसते, अर्धवट सत्याची असते. घरी परतल्यावर मी तो प्रश्न स्वतःलाच पुन्हा विचारून पाहिला.

श्वार्ट्झला राज्यलोभ नव्हता, द्रव्यलोभ नव्हता. त्याच्या निःस्पृहतेविषयी हैदरसारख्या धूर्त माणसाला जेथे शंका आली नाही, तेथे आपण घेऊ नये. पण त्याची पत कंपनीने खर्च केली. हैदरकडे सलोख्याचा शब्द त्याच्या तोंडून गेला आणि तो शब्द पाळण्याची तयारी पाठविणाऱ्यांची नव्हती. रयतेने धान्य आणले ते त्याच्यासाठी, आणि ते पोहोचले पलटणीच्या कोठारात. एका कोंडलेल्या मुलाला सोडवावे म्हणून त्याने अर्ज केले, ते दयेपोटी. आणि गादीचा वारस कोण हे ठरविण्याचा अधिकार मद्रासच्या आणि कलकत्त्याच्या कचेऱ्यांना आहे, हे त्या प्रत्येक अर्जाने आपोआप मान्य केले. तो अर्ज दुसऱ्या कोणाकडे करणार होता? पुण्याचा दरबार दूर होता, आणि १७९५ नंतर त्याला स्वतःच्याच वारसाचा प्रश्न पडला होता. मुलगा अंधारात बसला असताना तत्त्वाचा विचार करीत बसणे हे मला तरी चांगुलपणाचे लक्षण वाटत नाही. श्वार्ट्झच्या जागी मी असतो तर मीही मद्रासलाच लिहिले असते. आणि अमरसिंह गादीवर राहिले असते तर राज्य टिकले असते काय? त्यांनीही कंपनीशी तह केलेच होते, देणेही वाढतच होते. वेलस्लीच्या काळी हैदराबाद वाकले, म्हैसूर पडले. तंजावर वाचले असते असे मानण्यास आधार नाही. तरीही ज्या दाराने कंपनी आत आली ते दार या सज्जनाने उघडून धरले होते, हे नाकारता येत नाही. तो आत घेत होता एका मुलासाठी वैद्य. वैद्यामागून सावकार शिरला.

आणि हे सरफोजीराजांना ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. शिल्पाची मागणी त्यांनी केव्हा केली हे पाहा. लंडनच्या मिशनरी संस्थेला, माझ्या खर्चाने या चर्चसाठी संगमरवरी स्मारक पाठवा, असे पत्र त्यांनी लिहिले ते १८०१ साली. म्हणजे राज्य सहीशिक्क्याने देऊन टाकल्यावर दोन वर्षांनी. तोवर काय मिळाले आणि काय गेले याचा हिशेब त्यांना पुरता कळलेला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, येथून चार पावलांवरच्या देवळाच्या भिंतीवर, त्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास कोरवून घेतला. एक दगड इंग्लंडहून आलेला, दुसरा चोळांनी रचलेला. एकावर परक्या गुरूचा हात हाती धरलेला स्वतःचा पुतळा, दुसऱ्यावर मालोजी, शहाजी, शिवाजी यांची मराठी बखर. हे दोन्ही दगड मी निरनिराळ्या खेपांना पाहिले असते तर एकमेकांशी जोडले नसते. त्या सकाळी उन्हाने आम्हांला एकाकडून दुसऱ्याकडे ढकलले, म्हणून ते जोडले गेले. ऋण एका भिंतीवर, अभिमान दुसऱ्या भिंतीवर. एकाने दुसरे पुसून टाकावे असे त्या राजाला वाटले नाही. पंचविशीच्या आसपासच्या, राज्य गमावलेल्या माणसाला एवढा तोल कोठून आला असेल? आपण पुष्कळ मोठ्या वयात आणि पुष्कळ कमी गमावूनही तो साधू शकत नाही.

पुढची तीस वर्षे त्यांनी कशी घालविली हे मराठी वाचकाला थोडेफार ठाऊक असते. हस्तलिखिते जमविली, वैद्यकाचा अभ्यास केला, धर्मशाळा चालविल्या, काशीयात्रा केली. १८२६ साली कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरास आले होते. ईस्टरच्या दिवशी त्यांनी श्वार्ट्झच्या चर्चमध्ये उपासना केली आणि राजांची भेट घेतली. लाव्हाझिए, लिनियस, शेक्सपियर यांच्यावर सहज बोलणारा हा राजा पाहून ते चकित झाले. आठवड्याभरातच तिरुचिरापल्लीस स्नानाच्या हौदात त्यांना मृत्यू आला. श्वार्ट्झची समाधी मात्र या चर्चमध्ये नाही. ती किल्ल्याबाहेरच्या दुसऱ्या चर्चमध्ये आहे, आणि तिच्यावर सरफोजीराजांनी स्वतः रचलेली इंग्रजी कविता कोरलेली आहे. कविता म्हणून ती साधी आहे, यमके तर अगदी शाळकरी. शिकविणाऱ्यासाठी शिकणाऱ्याने लिहिली, एवढेच तिचे मोल. आणि ते मला पुष्कळ वाटते.

या साऱ्यापेक्षा माझ्या मुलीच्या मनात घर केले ते एका लहान पुस्तकाने. सरफोजीराजांनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला होता, आणि १८०६ साली तेथे ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली. तिच्यात इसापाच्या गोष्टी मराठीत आहेत. सख्खण पंडितांनी त्या भाषांतरित केल्या. मुंबईत किंवा पुण्यात अशी छपाई सुरू होण्याच्या कितीतरी आधी मराठी मुलांसाठी इसाप येथे, कावेरीच्या काठी, तयार झाला होता. ज्याला नऊ-दहा वर्षांचा असताना पुस्तक मिळाले नाही त्याने राजा झाल्यावर मुलांसाठी पुस्तक छापले, असा अर्थ मुलीने लावला. इतिहासकार इतक्या सहज असा संबंध जोडू देणार नाहीत. मी तिला अडविले नाही.

रात्रीच्या गाडीने आम्ही चेन्नईस परत निघालो. वरच्या बाकावरून तिने विचारले, “बाबा, त्या दुसऱ्या राजाचं चित्र कुठे आहे? त्या काकाचं?” अमरसिंहांचे. गादीवरून उतरल्यावर ते कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूर या गावी जाऊन राहिले आणि १८०२ साली वारले, एवढे मी तिला सांगितले. आमची गाडी त्याच गावावरून जाणार होती. स्टेशन आले की मला उठव, असे बजावून ती झोपली. कुंभकोणम गेल्यावर मी खिडकीशी बसून राहिलो. गाडी तेथे थांबली नाही. फलाटावरच्या दिव्याखालून पिवळी पाटी सरकत गेली. तिच्यावरचे तमिळ नाव मला वेळेत लावता आले नाही, ते मुलीला आले असते. पण ती गाढ झोपली होती आणि मी तिला उठविले नाही.